‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ दिसलं म्हणून उबुंटू फॉरमॅट करू नका. आधी कुठलं व्हर्जन कुठून आलंय ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे आणि सी शिकण्यासाठी बिल्ड-इसेन्शियल (कंपायलर आणि सोबतची साधनं आणणारं पॅकेज) टाकायचंय. ॲप्ट, म्हणजे उबुंटूत पॅकेजेस टाकणारं साधन, म्हणतं की बिल्ड-इसेन्शियलला लिबसी६-डेव्ह लागतं, ‘बट इट इज नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड’, आणि शेवटी ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’. होल्ड केलेल्या पॅकेजेसची यादी मागितली तर ती रिकामी. मध्यंतरी अपडेट करताना एरर येत होत्या म्हणून सोर्सेसच्या फाइलमधल्या (पॅकेजेस कुठून आणायची ते तिच्यात लिहिलेलं असतं) काही ओळींपुढे तुम्ही हॅश (#) लावून त्या बंद केल्या, एक पीपीए (उबुंटूबाहेरच्या कुणीतरी चालवलेला पॅकेजेसचा साठा) जोडला आणि एका साइटवरून डेब फाइल (एका पॅकेजची सुटी फाइल) उतरवून टाकली. आता कुणी लॉक फाइल उडवायला सांगतंय, कुणी डीपीकेजीला फोर्स-ऑल द्यायला, तर कुणी सरळ फॉरमॅट मारायला.

यातलं काहीच आत्ता करू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मशीनवर काही मोडलेलं दिसत नाही. ॲप्ट एक खरी अडचण सांगतंय, फक्त ती तोकड्या शब्दांत सांगतंय. तिचं मूळ त्या हॅश लावलेल्या ओळींत आहे, पीपीएत आहे की डेब फाइलमध्ये, हे तुमच्या मशीनवरच कळेल. म्हणून तिन्ही शक्यता सांगतो, पण सगळ्यात जास्त संशय मला पहिलीचा आहे. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करा.)

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण मिळालेले निम्मे सल्ले इथेच घसरलेत. पॅकेजचं काम दोन थरांत चालतं. खालचा थर डीपीकेजी. तो डेब फाइल उघडतो, आतल्या फाइली जागच्या जागी ठेवतो, पॅकेजच्या स्क्रिप्ट चालवतो आणि /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस या फाइलीत नोंद करतो. इंटरनेट, रिपॉझिटरी (पॅकेजेसचा ऑनलाइन साठा) यांचा त्याला पत्ताही नसतो. वरचा थर ॲप्ट. तो रिपॉझिटरींच्या याद्या आणून /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्समध्ये ठेवतो, काय टाकायचं आणि काय काढायचं याचं गणित मांडतो आणि ते सुटलं तरच डीपीकेजीला हाक मारतो. म्हणून कुठलीही एरर आली की मी पहिल्यांदा विचारतो, आजार कुठल्या थरात आहे? त्यासाठी दोन कमांड पुरतात:

सुडो डीपीकेजी --ऑडिट
सुडो ॲप्ट-गेट चेक

पहिलीने काहीच छापलं नाही आणि दुसरीने तक्रार केली नाही, तर खालचा थर ठणठणीत आहे. तुमचं मशीन एरर दाखवतंय ते काहीही टाकायच्या आधीच, म्हणजे गणित सुटत नाहीये. डीपीकेजीला जोर लावून ते सुटणार नाही.

आता त्या वाक्याबद्दल. ‘हेल्ड’ वाचून वाटतं की कुणीतरी ॲप्ट-मार्क होल्ड केलंय, म्हणजे पॅकेज आहे त्याच व्हर्जनवर गोठवलंय. प्रत्यक्षात गणित मांडताना ॲप्टला काही पॅकेजेस आहेत तशीच ठेवावी लागली आणि तरीही सगळ्या अटी जुळल्या नाहीत, तर ते हेच वाक्य छापतं. त्यामुळे यादी रिकामी येण्यात विसंगती काही नाही. ती एकदा बघितलीत हे बरोबरच केलंत, आता तो धागा सोडून द्या.

खरा सुगावा त्याच्या वरच्या ओळीत असतो. पण ॲप्ट एकच पायरी दाखवतं: बिल्ड-इसेन्शियलला लिबसी६-डेव्ह लागतं, ते येणार नाही. का येणार नाही, ते सांगत नाही. म्हणून जे येणार नाही म्हणतंय, तेच मागायचं:

ॲप्ट-गेट -एस इन्स्टॉल लिबसी६-डेव्ह

-एस म्हणजे सिम्युलेट, नुसती रंगीत तालीम. काहीच बदलत नाही, म्हणून सुडोही लागत नाही. दर वेळी नकार मिळालेलं पॅकेज घेऊन हेच परत करायचं. दोन-तीन पायऱ्यांत अशी ओळ सापडते जिच्यात ‘नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड’ नसून दोन व्हर्जनचे आकडे समोरासमोर असतात. तुमच्या बाबतीत माझा अंदाज असा आहे:

लिबसी६-डेव्ह : डिपेन्ड्स: लिबसी६ (= २.३५-०उबुंटू३) बट २.३५-०उबुंटू३.८ इज टू बी इन्स्टॉल्ड

शेवटचा आकडा तुमच्याकडे वेगळा असू शकतो. लक्ष द्यायचं ते ‘बरोबर’ या चिन्हाकडे. लिबसी६-डेव्हला लिबसी६ चं अगदी तेच व्हर्जन लागतं, जवळपासचं चालत नाही, कारण हेडर फाइली आणि लायब्ररी एकाच सोर्समधून एकत्र बांधलेल्या असतात. तुमच्या मशीनवर लिबसी६ नवं आहे आणि ॲप्टला माहीत असलेलं लिबसी६-डेव्ह जुनं. ते नवं लिबसी६ आलं कुठून, हे विचारायची कमांड ही:

ॲप्ट-कॅश पॉलिसी लिबसी६

ही कमांड वाचता येऊ लागली की पॅकेजेसच्या बहुतेक भानगडी आपल्या आपण उलगडतात. आउटपुट साधारण असं दिसेल:

लिबसी६:
  इन्स्टॉल्ड: २.३५-०उबुंटू३.८
  कॅन्डिडेट: २.३५-०उबुंटू३.८
  व्हर्जन टेबल:
  *** २.३५-०उबुंटू३.८ १००
        १०० /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस
      २.३५-०उबुंटू३ ५००
        ५०० आर्काइव्ह.उबुंटू.कॉम जॅमी/मेन

तीन चांदण्या सध्या बसवलेल्या व्हर्जनपुढे असतात. त्याखाली ते व्हर्जन कुठे कुठे मिळतं याची यादी येते. इथे एकच जागा आहे, /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस, म्हणजे तुमचं स्वतःचं मशीन. जगातल्या कुठल्याही रिपॉझिटरीत हे व्हर्जन असल्याचं ॲप्टला आज ठाऊक नाही. खालचं २.३५-०उबुंटू३ हे २०२२ च्या एप्रिलमध्ये २२.०४ प्रसिद्ध झालं तेव्हाचं मूळ व्हर्जन, जॅमी (हे २२.०४ चं टोपणनाव) या रिपॉझिटरीतलं. शेवटी ३.८ असलेलं नंतर जॅमी-अपडेट्स किंवा जॅमी-सिक्युरिटीतून आलं. तुम्ही ज्या ओळींपुढे हॅश लावलात त्या नेमक्या ह्याच असाव्यात.

५०० आणि १०० हे प्राधान्याचे आकडे. रिपॉझिटरीतल्या व्हर्जनला एरवी ५०० मिळतात, केवळ मशीनवर असलेल्याला १००. मग ५०० वालं कॅन्डिडेट, म्हणजे ॲप्ट टाकायला निवडेल ते व्हर्जन, का नाही? कारण प्राधान्य १००० किंवा त्याहून जास्त असल्याशिवाय ॲप्ट व्हर्जन खाली उतरवत नाही. मशीनवर ३.८ आहे, यादीत ३ आहे, ३ लहान आहे, म्हणून ते आहे तिथेच थांबतं. आणि लिबसी६-डेव्हचं एकच व्हर्जन यादीत आहे, ते ३ मागतंय. कोंडी पूर्ण झाली. अशा स्थितीत ॲप्टचा नकारच योग्य आहे.

ओळी परत चालू करा

२२.०४ मध्ये सोर्सेसची ही फाइल म्हणजे /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट. (२४.०४ पासून मजकूर /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी या फोल्डरातल्या उबुंटू.सोर्सेस फाइलीत गेला आणि त्याची मांडणीही बदलली, म्हणून इंटरनेटवरची सूचना आपल्या रिलीजची आहे ना ते बघा.) आधी फाइलीची प्रत काढून ठेवा. मग जॅमी, जॅमी-अपडेट्स आणि जॅमी-सिक्युरिटी या तीन नावांच्या ओळी हॅशशिवाय असल्या पाहिजेत, आणि प्रत्येक नावासाठी मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स, मल्टिव्हर्स हे चारही विभाग यायला हवेत. चारही एकाच ओळीत असोत किंवा निरनिराळ्या ओळींत, फरक पडत नाही. जॅमी-बॅकपोर्ट्स असलं तरी बिघडत नाही. त्याचं प्राधान्य मुळातच १०० असतं, त्यामुळे ते आपणहून मध्ये घुसत नाही.

मग सुडो ॲप्ट अपडेट, आणि त्याचं आउटपुट शेवटपर्यंत वाचा. इथे मी आग्रहाने सांगेन. एखादी यादी उतरली नाही तर ॲप्ट इशारा देतं की काही याद्या आल्या नाहीत, त्या दुर्लक्षित केल्या किंवा जुन्याच वापरल्या, आणि पुढे जातं. लोक तो इशारा वाचत नाहीत आणि मग तासभर चुकीच्या जागी शोधतात. ‘हिट’ आणि ‘गेट’ ठीक. ‘एर’ने सुरू होणारी एकही ओळ राहिली तर पुढे जाऊ नका.

ज्या एररमुळे तुम्ही ओळी बंद केल्या होत्या, त्याच परत येऊ शकतात. त्यांचे नेहमीचे प्रकार मोजकेच. भारतातलं लोकेशन निवडलेलं असेल तर सर्व्हरच्या पत्त्यापुढे ‘इन.’ लागलेलं असतं. तो मिरर (मुख्य सर्व्हरची जवळची प्रत) अडखळत असेल तर ओळ बंद करायची गरज नाही, ‘इन.’ काढून मुख्य आर्काइव्ह.उबुंटू.कॉम ठेवा. ‘हॅश सम मिसमॅच’ येत असेल तर अर्धवट उतरलेली यादी किंवा मधला प्रॉक्सी कारणीभूत असतो, आणि हे कॉलेज-हॉस्टेलच्या नेटवर्कवर बरेचदा होतं. /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्समधल्या फाइली पुसून, शक्यतो मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, पुन्हा अपडेट करा. त्या याद्या परत उतरवता येतात, त्यामुळे पुसण्यात धोका नाही. ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ म्हणजे मशीनचं घड्याळ मागे पडलंय. जुन्या लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सेल संपला की हे हमखास होतं. तारीख-वेळ नीट केली की एरर जाते.

याद्या नीट आल्या की पॉलिसीची कमांड परत चालवा. आता कॅन्डिडेटखाली जॅमी-अपडेट्सचं नाव ५०० सह दिसलं पाहिजे. मग सुडो ॲप्ट अपग्रेड, आणि नंतर बिल्ड-इसेन्शियल. अंदाज बरोबर असेल तर काम इथेच संपतं.

इंटरनेटवर याच एररवर दुसरा ‘उपाय’ सापडेल: लिबसी६ ला बरोबरच्या चिन्हाने जुनं व्हर्जन देऊन खाली उतरवा. तो करू नका. बॅश, सुडो, खुद्द ॲप्ट, सगळे या लायब्ररीवर चालतात. पॅकेजच्या स्क्रिप्ट वर जाण्यासाठी लिहिलेल्या असतात, खाली उतरण्याची चाचणी कुणी घेतलेली नसते. शिवाय मधल्या काळातल्या सुरक्षेच्या सगळ्या दुरुस्त्या तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकता.

पीपीएतून आलं असेल तर

तालमीत आकडे समोरासमोर आले, पण पॅकेज वेगळंच निघालं, एखादी ग्राफिक्सची किंवा मल्टिमीडियाची लायब्ररी, आणि व्हर्जनच्या शेपटीत ‘पीपीए’ किंवा कुणाचं तरी नाव दिसलं, तर गाठ पीपीएशी आहे. पॉलिसीच्या टेबलात लाँचपॅडचा (पीपीए जिथे ठेवतात त्या साइटचा) पत्ता आला की शंकाच नको.

पीपीएत एका प्रोग्रामसाठी सोबतच्या लायब्ररीही नव्या बांधून ठेवलेल्या असतात. पीपीएलाही ५०० च मिळतात, आणि आकडा सारखा असला की मोठं व्हर्जन जिंकतं. त्यामुळे तुम्ही एक प्रोग्राम मागितलात तरी पुढच्या अपग्रेडला सिस्टिमच्या पाच-सहा लायब्ररी गुपचूप पीपीएच्या होतात. मग उबुंटूच्या एखाद्या -डेव्ह पॅकेजला स्वतःचं व्हर्जन हवं असतं आणि वरच्यासारखीच कोंडी होते. ३२-बिट पॅकेजेस वापरत असाल, म्हणजे स्टीम किंवा वाइन टाकलेलं असेल, तर आणखी एक पेच असतो. एकाच लायब्ररीचं ६४-बिट आणि ३२-बिट रूप शेजारी बसवायचं तर दोघांचं व्हर्जन तंतोतंत एक लागतं. पीपीएवाल्याने फक्त ६४-बिट बांधलं असेल तर ३२-बिट येऊच शकत नाही, आणि ॲप्ट अर्धं स्टीम काढायला निघतं.

पीपीए काढण्याचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण सॉफ्टवेअर अँड अपडेट्सच्या खिडकीतली खूण काढतात किंवा फाइल पुसतात, आणि वाटतं पीपीए गेला. यादी गेली, पण तिथून आलेली पॅकेजेस मशीनवरच आहेत, मोठ्या व्हर्जनची, मागे कुठलीही रिपॉझिटरी नसलेली. म्हणजे अपडेट्सच्या ओळी बंद करून तुम्ही जे केलंत तेच पुन्हा झालं. म्हणून पीपीए चालू असतानाच पीपीए-पर्ज हे साधन टाका आणि

सुडो पीपीए-पर्ज पीपीए:मालक/नाव

असं चालवा. ते आधी पीपीए बंद करतं, मग तिथून आलेलं प्रत्येक पॅकेज उबुंटूच्या व्हर्जनवर उतरवतं. खाली उतरवणं इथे मी स्वीकारतो, कारण गोष्ट ठरावीक पॅकेजेसची असते आणि उतरण्याची जागा पक्की असते. पीपीएने लिबसी६ सारखं पायाचं पॅकेज बदललं असेल तर मात्र थांबा आणि आधी विचारा.

पीपीए आधीच काढून बसला असाल तर अनाथ पॅकेजेस अशी शोधा:

ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड | ग्रेप ',लोकल'

आउटपुटात ‘इन्स्टॉल्ड,लोकल’ लिहिलेलं पॅकेज म्हणजे ज्याचं आताचं व्हर्जन कुठल्याच यादीत नाही. शोधताना स्वल्पविराम विसरू नका, नाहीतर लोकेल्ससारखी पॅकेजेस उगाच मध्ये येतात. ही यादी लहान असेल तर त्यातली एकमेकांवर अवलंबून असलेली पॅकेजेस एकाच कमांडमध्ये, नाव=व्हर्जन असं प्रत्येकापुढे लिहून उतरवा. एकेक करत गेलात तर दर वेळी दुसरं आडवं येईल. आधी -एस लावून तालीम घ्यायचीच.

व्हर्जनच्या तुलनेत एक खोच आहे. लहरीसारखं टिल्ड हे चिन्ह जिथे येतं, तिथून पुढचं सगळं ‘याच्याही आधीचं’ मानलं जातं. २.०~पीपीए१ हे २.० पेक्षा लहान. नीट बांधणारे लोक मुद्दाम टिल्ड लावतात, म्हणजे पुढच्या उबुंटूत मूळ पॅकेज आलं की ते आपोआप वर चढतं. कुठलं मोठं याचा संशय आला तर डीपीकेजी --कंपेअर-व्हर्जन्सला विचारा, डोळ्यांनी ठरवू नका.

साइटवरून आणलेली डेब फाइल

इथे दोन प्रश्न: ती कुठल्या रिलीजसाठी बांधली होती, आणि तुम्ही ती कशी टाकलीत?

पहिल्याचं उत्तर फाइलीतच असतं. डीपीकेजी-डेब -आय (इथे आय कॅपिटल) आणि फाइलीचं नाव द्या, ‘डिपेन्ड्स’ची ओळ वाचा. तिथे लिबसी६ (>= २.३८) असेल तर ती २२.०४ वर चालणार नाही, कारण २२.०४ मध्ये ग्लिबसी (लिबसी६ मधली मूळ लायब्ररी) २.३५ आहे, २४.०४ मध्ये २.३९. नावांच्या शेवटी ‘टी६४’ दिसलं, जसं लिबएसएसएल३टी६४, तरी ती २४.०४ किंवा त्यानंतरचीच. उलट लिबएसएसएल१.१ मागत असेल तर ती २०.०४ च्या काळातली, कारण २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं आणि १.१ गेलं. अशा वेळी दुसऱ्या रिलीजमधून ती एकच लायब्ररी उचलून आणण्याचा मोह होतो. लिबसी६ बाबत तो थेट मशीन बंद पाडू शकतो. लिबएसएसएल१.१ बाबत प्रोग्राम चालेल, पण एन्क्रिप्शनची लायब्ररी कुठल्याही सुरक्षा अपडेटशिवाय पडून राहील. त्याच प्रोग्रामची जॅमीसाठीची फाइल शोधा. नसेल तर फ्लॅटपॅक किंवा कंटेनर वापरा. तिथे त्याच्या लायब्ररी त्याच्यापाशी राहतात.

दुसरा प्रश्न टाकण्याच्या पद्धतीचा. डीपीकेजी -आय (इथे आय लहान) आधी फाइली मांडतं आणि मग सेटअप करताना लक्षात येतं की लागणारी पॅकेजेस नाहीत. पॅकेज अर्धवट राहतं. डीपीकेजी -एलच्या यादीत त्यापुढे ‘आययू’ दिसतं (नीट बसलेल्यापुढे ‘आयआय’), आणि त्यानंतर ॲप्ट दुसरं काहीही टाकायला नकार देतं. वर सांगितलेल्या ऑडिटमध्ये हे पॅकेज दिसेल. त्यावर उतारा:

सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

हे हवी ती पॅकेजेस मिळाली तर आणतं, नाहीतर ते अर्धवट पॅकेजच काढायचं सुचवतं. काढायचं म्हटलं तर काढू द्या. यापुढे डेब फाइल अशी टाका: सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइलीचं-नाव.डेब. पुढचं टिंब आणि तिरपी रेघ विसरलात तर ॲप्ट ते नाव रिपॉझिटरीत शोधत बसेल. या पद्धतीत गणित आधी मांडलं जातं, म्हणून अर्धवट काहीच राहत नाही.

मिळालेल्या सल्ल्यांबद्दल

लॉक फाइल उडवण्याचा तुमच्या एररशी संबंधच नाही, पण हा सल्ला इतका फिरतो की कारण सांगायलाच हवं. /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड ही फाइल कायम तिथेच असते. ती असणं म्हणजे कुलूप लागलेलं नव्हे. चालू प्रोग्रामने कर्नलकडून त्या फाइलीवर ताबा घेतलेला असतो आणि प्रोग्राम संपला, मेला, वीज गेली, तरी ताबा आपोआप सुटतो. फाइल पुसली तर जुना प्रोग्राम पुसलेल्या फाइलीवर ताबा ठेवून काम करतच राहतो आणि तुमचा नवा ॲप्ट त्याच नावाच्या नव्या फाइलीवर ताबा घेतो. आता दोघे एकाच वेळी स्टेटसच्या नोंदी लिहितात. ज्या बिघाडाला मी खरोखर घाबरतो तो हा. लॉकची एरर आली तर सुडो एलएसओएफ लावून ती फाइल कुणाकडे आहे ते बघा. मशीन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं ते बहुधा अनअटेन्डेड-अपग्रेड्स असतं, सुरक्षेच्या अपडेट्स टाकत असतं. थांबा, एवढंच. काम चालू असताना वीज गेली असेल तर पुन्हा सुरू केल्यावर सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए चालवा. अर्धवट राहिलेलं ते पूर्ण करतं.

फोर्स-ऑल म्हणजे डीपीकेजीच्या सगळ्या तपासण्या एकदम बंद. पॅकेज ‘बसतं’, पण अट अपुरीच राहते. पुढच्या वेळी ॲप्टला ती मोडलेली अट दिसते आणि मग खरोखर ब्रोकन पॅकेज तयार झालेलं असतं. फोर्सपैकी मी वापरतो तो एकच, फोर्स-ओव्हरराइट, आणि तोही दोन पॅकेजेस एकाच फाइलीवर हक्क सांगत असतील आणि ती फाइल बिनमहत्त्वाची आहे हे बघून झाल्यावरच.

ॲप्टच्या कुठल्याही कमांडला वाय दाबण्यापूर्वी ‘विल बी रिमूव्ह्ड’खालची यादी पूर्ण वाचा. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पॉप ओएसवर स्टीम टाकताना पॅकेजेसच्या गोंधळामुळे ॲप्टने डेस्कटॉपच काढायचा प्रस्ताव दिला. इशारा समोर असूनही तो मान्य केला गेला आणि डेस्कटॉप गेला. हा प्रसंग यूट्यूबवर असंख्य लोकांनी पाहिला, आणि त्यानंतर ॲप्टमध्ये असं करणं अवघड केलं गेलं. तरी यादी वाचायचं काम तुमचंच आहे. उबुंटू-डेस्कटॉप, पायथन३, नेटवर्क-मॅनेजर यांपैकी एकही नाव त्यात दिसलं तर एन दाबा.

अपडेट्स चालू झाल्यावर काही पॅकेजेस ‘केप्ट बॅक’ म्हणून मागे राहतील. तो वेगळा विषय आहे, घाबरू नका. उबुंटू काही अपडेट्स टप्प्याटप्प्याने सोडतं आणि २१.०४ पासून ॲप्टही ते टप्पे पाळतं. तुमच्या मशीनची पाळी आली की ती आपोआप येतात.

एवढं करूनही बिल्ड-इसेन्शियल अडलंच, तर चार गोष्टी इथे मजकूर म्हणून चिकटवा, स्क्रीनचा फोटो नको: हॅशसकट पूर्ण सोर्सेस.लिस्ट आणि सोर्सेस.लिस्ट.डी फोल्डरातल्या फाइलींची नावं, ॲप्ट अपडेटचं पूर्ण आउटपुट, ज्या तालमीत दोन व्हर्जन समोरासमोर आले ती ओळ आणि त्या दोन्ही पॅकेजेसची पॉलिसी, आणि /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉगमधला गेल्या महिन्याचा भाग. या शेवटच्या फाइलीत कुठल्या तारखेला कुठली कमांड दिली आणि त्यामुळे काय आलं, काय गेलं, हे सगळं असतं. महिना उलटला असेल तर तीच फाइल जीझेड होऊन शेजारी असते; ती झेडलेसने उघडते.